दुरून मातीची पारख : चंद्राच्या पृष्ठभागाची रासायनिक घटना
(इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान, दोन तासिकांचा पाठ)

प्रास्ताविक

कोजागिरीच्या रात्री दूध आटेपर्यंत अंगणात बसलेल्या मुलांस वडील माणसे चंद्रावरचा ससा दाखवितात. दुसऱ्या दिवशी तीच मुले शाळेत येतात. पाठ्यपुस्तकातून चंद्रावरील डाग म्हणजे काळ्या खडकाची मैदाने होत, असे त्यांस सांगितले जाते. अशा वेळी पाचोरा तालुक्यातील कोणत्याही शाळेत एखादा चौकस विद्यार्थी उठून विचारण्याचा संभव असतो, "गुरुजी, सगळा चंद्र कोणी फिरून पाहिला? मग तिथला दगड कोणता हे इथे बसून कसे कळले?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. विज्ञानाच्या तासाला विचारला जावा असा हाच खरा प्रश्न होय. त्यास "शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे" असे उत्तर देऊन पुढे जाता येते. तसे केल्यास मुलाच्या माहितीत एका वाक्याची भर पडते. परंतु उद्या कोणी तितक्याच अधिकारवाणीने त्यास खोटी गोष्ट सांगितली, तर ती पारखून घेण्याचे साधन त्याच्यापाशी राहत नाही. म्हणून "काय कळले" ह्याबरोबरच "कसे कळले" आणि "कोठवर कळले" हेही सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत पाठाची मांडणी त्या दृष्टीने केलेली आहे. २३ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास अथवा कोजागिरीनंतरच्या आठवड्यात हा पाठ घेणे सोयीचे होईल.

हेतू

१. वस्तूस स्पर्श न करता तिच्यातील द्रव्ये ओळखता येतात, हे विद्यार्थ्यांस प्रयोगाने पटवून देणे.
२. चंद्राच्या पृष्ठभागावरील मुख्य मूलद्रव्यांचा परिचय करून देणे.
३. ह्या पद्धतीच्या मर्यादा समजावून देणे.

साधने

गिरणेच्या पात्रातील काळ्या पाषाणाचा तुकडा, एक पांढरी गारगोटी, शेतातील काळ्या मातीचे ढेकूळ, पाण्याने भरलेली परात, लहान आरसा, स्पिरिटचा दिवा, मीठ, मोरचुदाचे दोन-चार खडे, तारेचा तुकडा आणि पौर्णिमेच्या चंद्राचे मोठे चित्र.

पायरी पहिली : परिचित वस्तूंपासून प्रारंभ

शिक्षकाने काळा पाषाण व गारगोटी वर्गाच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून विद्यार्थ्यांस विचारावे, "हे दोन दगड एकाच जातीचे आहेत काय?" मुले बसल्या जागेवरून "नाही" म्हणतील. कशावरून, असे विचारताच "रंगावरून" हे उत्तर येईल. येथेच पाठाचे बीज आहे. मुलांनी दगडास हात लावलेला नाही. दगडावर पडलेल्या उजेडापैकी जो उजेड परत आला, त्यावरूनच त्यांनी निर्णय केला. दुरून येणाऱ्या किरणांवरून वस्तूचे ज्ञान करून घेणे ह्यास दूरसंवेदन म्हणतात.

आता चंद्राचे चित्र दाखवावे. सशाचा आकार ज्या काळसर भागांनी बनतो, त्यांस जुन्या निरीक्षकांनी समुद्र समजून तशी नावे दिली. त्यांत पाण्याचा थेंबही नाही. चंद्राच्या पोटातून वर आलेला शिलारस सखल भागात पसरून थिजला आणि ही मैदाने झाली. त्यांचा खडक बेसाल्ट जातीचा, म्हणजे गिरणाकाठच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा आहे. अजिंठ्याची लेणी ज्या कड्यात कोरली, तो कडाही ह्याच जातीच्या खडकाचा होय. आपल्याकडील हे लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. चंद्रावरील बहुतेक मैदाने तीन ते चार अब्ज वर्षांपूर्वीची आहेत.

मुलांस येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. खडक जर एकाच जातीचा, तर चंद्रावरही कपाशीची काळी जमीन का नाही? शिक्षकाने ढेकूळ हातात देऊन सांगावे की, पाषाणापासून ही माती होण्यास पाऊस, हवा आणि जीवसृष्टी ह्यांचे साहाय्य लागले. पाण्याने खडकातील खनिजे कुजवून त्यांची चिकणमाती केली. म्हणूनच ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. तेथील खडक उल्कांच्या माऱ्याने केवळ फुटला आणि त्याची कोरडी, काचमिश्रित भुकटी झाली. अशा माऱ्याची खूण आपल्या शेजारीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर होय. बेसाल्टमधील चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी असल्यामुळे चंद्राच्या अभ्यासकांस लोणारचे महत्त्व विशेष वाटते.

पायरी दुसरी : किरणांची भाषा

रंग ही ढोबळ खूण झाली. काळा दगड बेसाल्टच असेल असे नाही. कोळसाही काळा असतो. म्हणून उजेडाची अधिक बारकाईने फोड करावी लागते. परातीतील पाण्यात आरसा तिरपा ठेवून त्यावर ऊन घ्यावे व भिंतीवर पडणारा सप्तरंगी पट्टा मुलांस दाखवावा. ह्यास वर्णपट म्हणतात. तांबड्या रंगाच्या पलीकडेही डोळ्यांस न दिसणारे किरण असतात, त्यांस अवरक्त किरण म्हणतात. खडकातील प्रत्येक खनिज ह्या पट्ट्यातील ठरावीक जागचे किरण शोषून घेते व तेथे पट्टा फिका पडतो. लोहयुक्त पायरॉक्सीन हे बेसाल्टमधील खनिज सुमारे एक व दोन मायक्रोमीटर लांबीच्या लहरी शोषते. पाण्याचा अंश असल्यास तीन मायक्रोमीटरच्या आसपास घट दिसते. कोणत्या जागी घट आहे हे पाहून कोणते खनिज आहे हे ओळखता येते.

ह्यानंतर शिक्षकाने वर्गाबाहेर मोकळ्या जागी, मुलांस अंतरावर उभे करून, स्वतः पुढील प्रयोग करावा. ओल्या तारेवर मिठाचे कण घेऊन ते स्पिरिटच्या ज्योतीत धरावेत. ज्योत पिवळी होते. ही मिठातील सोडियमची खूण होय. तार पालटून मोरचुदाचा कण धरल्यास ज्योतीस हिरवी छटा येते. ही तांब्याची खूण होय. मोरचूद विषारी असल्याने प्रयोगानंतर हात धुवावेत. तापविले असता प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देते. घरात बसलेले मूल घंटेच्या आवाजावरून ती शाळेची की देवळाची हे सांगते, तसाच हा प्रकार आहे.

पायरी तिसरी : सोनाराचे यंत्र

जळगाव शहर सोन्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी सोनार दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासून त्याचा कस पाहत असे. आता अनेक पेढ्यांवर एक लहान पेटीसारखे यंत्र असते. दागिना आत ठेवला की त्यात सोने किती, चांदी किती, तांबे किती, हे थोड्या वेळात आकड्यांनी दिसते. दागिन्यावर ओरखडाही उमटत नाही. हे यंत्र कसे चालते?

यंत्रातून दागिन्यावर क्ष-किरण सोडले जातात. प्रत्येक अणूत मध्यभागी केंद्रक व त्याभोवती इलेक्ट्रॉनांची कवचे असतात. क्ष-किरणाच्या आघाताने आतल्या कवचातील एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. ती रिकामी जागा भरण्यास बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन आत येतो आणि उरलेली ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ह्या नव्या किरणाची ऊर्जा मूलद्रव्यागणिक निराळी व ठरलेली असते. मॅग्नेशियमची सुमारे १.२५, ॲल्युमिनियमची १.४९, सिलिकॉनची १.७४, कॅल्शियमची ३.६९, टायटॅनियमची ४.५१ आणि लोहाची ६.४० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ही संख्या पाठ करून घेऊ नये. प्रत्येकाची निराळी आहे, एवढे मुलांच्या ध्यानी आले म्हणजे पुरे.

आता शिक्षकाने विचारावे, "चंद्र तर पेटीत मावत नाही, मग त्याच्यावर क्ष-किरण कोण सोडणार?" थोडा वेळ मुलांस विचार करू द्यावा. उत्तर आहे, सूर्य. सूर्यावर वारंवार उद्रेक होतात व त्यांतून क्ष-किरण बाहेर पडतात. पृथ्वीवर हवा असल्याने ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. चंद्रावर हवा नाही. तेथील मातीवर ते थेट आदळतात आणि मातीतील मूलद्रव्ये आपापल्या खुणेचे किरण बाहेर टाकतात. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानावर ते टिपण्याचे उपकरण ठेवले म्हणजे सोनाराचे यंत्र चंद्रापर्यंत नेल्यासारखे झाले.

पायरी चौथी : चंद्रावर प्रत्यक्ष काय घडले

चंद्राभोवती फिरून त्याच्या खडकाची जात ओळखण्याचा पहिला यत्न सोव्हिएत रशियाच्या ल्यूना १० ह्या यानाने १९६६ मध्ये केला. त्याने खडकांतून निघणारे गॅमा किरण मोजले. १९६७ मध्ये अमेरिकेचे सर्व्हेयर ५ चंद्रावर उतरले व त्याने तेथील मातीचे पहिले रासायनिक पृथक्करण केले. ती बेसाल्टशी मिळतीजुळती निघाली. १९७१ मध्ये अपोलो १५ व १९७२ मध्ये अपोलो १६ ह्या यानांनी वर सांगितलेल्या क्ष-किरण पद्धतीने विषुववृत्ताजवळच्या काही भागाची पाहणी केली. उजळ डोंगराळ भागात ॲल्युमिनियम अधिक व काळ्या मैदानात कमी, असे त्यांस आढळले.

भारताचे चांद्रयान १ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले. त्यावर भारतीय उपकरणांबरोबर परदेशी उपकरणेही होती. त्यांतील क्ष-किरण वर्णपटमापक ब्रिटनमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेने इस्रोच्या सहकार्याने तयार केलेला होता. परंतु २००८-०९ ह्या काळात सूर्य असामान्य शांत होता. दिवा मंद असला की वाचणे कठीण होते, तशी त्या उपकरणाची स्थिती झाली. थोड्या दुर्बळ उद्रेकांच्या वेळीच त्यास मोजमाप करता आले. दोन वर्षांसाठी योजिलेल्या ह्या यानाशी असलेला संपर्क २९ ऑगस्ट २००९ रोजी, ३१२ दिवसांनी, तुटला.

तथापि त्याच यानावरील नासाच्या खनिज-नकाशा उपकरणाने मोठा शोध लावला. परत येणाऱ्या उजेडात तीन मायक्रोमीटरच्या आसपास घट दिसली; म्हणजे चंद्राच्या मातीत पाण्याचा अथवा हायड्रॉक्सिलचा सूक्ष्म अंश आहे. हा शोध सप्टेंबर २००९ मध्ये, यान निमाल्यानंतर, प्रसिद्ध झाला. अपोलोच्या खड्यांतही पूर्वी पाण्याचा अंश आढळला होता. परंतु तो पृथ्वीवरील हवेतून लागला असावा, असे समजून बाजूस सारला गेला होता. जवळजवळ चार दशके रूढ असलेले मत ह्या मोजमापाने पालटले. मुलांस हे अवश्य सांगावे. शास्त्रज्ञही चुकतात, आणि पुरावा पुढे आला की आपले मत बदलतात.

चांद्रयान २ हे २२ जुलै २०१९ रोजी निघाले. त्याचे विक्रम हे उतरणारे यान सप्टेंबरमध्ये चंद्रावर आदळून निकामी झाले. हा अपयशाचा भाग वर्गात झाकून ठेवू नये. मात्र मुख्य यान चंद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून फिरत राहिले. त्यावरील 'क्लास' हे क्ष-किरण उपकरण एका वेळी सुमारे १२.५ किलोमीटर लांबीरुंदीचा भाग पाहते. सूर्याकडून किती क्ष-किरण आले हे मोजणारे दुसरे उपकरण त्याच यानावर आहे. कारण किती धान्य दळावयास दिले हे ठाऊक नसेल, तर आलेल्या पिठाचा हिशेब लागत नाही. पुढे सूर्याचे उद्रेक वाढले आणि 'क्लास'ला मुख्य मूलद्रव्यांखेरीज क्रोमियम व मँगनीज ही अत्यल्प प्रमाणातील द्रव्येही दिसली. २०२२ मध्ये त्याच्या मोजमापांवरून चंद्रावरील सोडियमचा नकाशा प्रसिद्ध झाला. ज्योतीत पिवळा रंग देणारे हेच ते मिठातील मूलद्रव्य.

ह्या सर्व पाहण्यांतून निघालेले चित्र थोडक्यात असे आहे. चंद्रावर दोन प्रकारची भूमी आहे. काळ्या मैदानांच्या मातीत शंभर भागांपैकी सुमारे पंधरा ते वीस भाग लोहाचे ऑक्साइड असते. काही मैदानांत टायटॅनियमही पुष्कळ असते. उजळ डोंगराळ भागात लोहाचे ऑक्साइड सुमारे पाच भाग. परंतु ॲल्युमिनियमचे ऑक्साइड पंचवीस भागांहून अधिक, आणि कॅल्शियमही भरपूर. ह्या उजळ खडकास ॲनॉर्थोसाइट म्हणतात. दोन्ही प्रकारांत ऑक्सिजन व सिलिकॉन ही द्रव्ये विपुल आहेत.

पायरी पाचवी : दुरून पाहण्याची मर्यादा आणि कसोटीचा दगड

सोनाराच्या यंत्रास एक मर्यादा आहे. ते दागिन्याचा वरचा पातळ थरच पाहते. आत दुसरी धातू असून वर सोन्याचा जाड मुलामा असेल, तर यंत्र फसू शकते. चंद्रावरही तसेच आहे. क्ष-किरण पद्धतीने मातीचा एका केसाच्या जाडीइतका वरचा थर कळतो. गॅमा किरणांनी काही दशक सेंटिमीटर खोलीपर्यंतची माहिती मिळते. पण ती फार मोठ्या क्षेत्राची सरासरी असते. म्हणून दुरून केलेल्या पारखेस प्रत्यक्ष नमुन्याची कसोटी लावावी लागते.

असे नमुने माणसाने आणले आहेत. १९६९ ते १९७२ ह्या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी सुमारे ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली. त्यांतील खड्यांचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही झाला. तेथे देवेंद्र लाल यांच्या गटाने विश्वकिरणांनी खड्यांत उमटविलेल्या सूक्ष्म खुणांचे वाचन केले. रशियाच्या तीन ल्यूना यानांनी थोडी माती आणली. चीनच्या यानांनी २०२० मध्ये चंद्राच्या दृश्य बाजूची व २०२४ मध्ये पलीकडील बाजूची माती आणली.

नमुना आणता येत नसेल, तर प्रयोगशाळाच तेथे न्यावी लागते. चांद्रयान ३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्यातील प्रज्ञान ह्या सहाचाकी गाडीवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे उपकरण होते. त्यात सूर्याच्या उद्रेकाची वाट पाहावी लागत नव्हती. क्युरियम ह्या किरणोत्सर्गी द्रव्याचे लहान स्रोत त्यातच बसविलेले होते. सुमारे १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी मातीची तपासणी झाली. ती ॲनॉर्थोसाइट जातीची व बहुतांशी एकसारखी निघाली. तथापि मॅग्नेशियम अपेक्षेहून काहीसे अधिक आढळले. चंद्र प्रथम शिलारसाचा महासागर होता, हलके खनिज तरंगून वर आले व त्याचे कवच झाले, ह्या मतास त्यामुळे बळकटी मिळाली. एका चांद्रदिवसाचे काम संपल्यावर गाडी निद्रिस्त झाली व पुन्हा जागी झाली नाही. परंतु पूर्वी ज्या ठिकाणी कोणी पोचले नव्हते, तेथील माती आता प्रत्यक्ष तपासली गेली आणि वरून केलेली पारख ताडून पाहण्यास एक नवा कसोटीचा दगड मिळाला.

ह्या गाडीची तयारी पृथ्वीवर कशी केली असेल, हेही मुलांस आवडेल. तामिळनाडूतील सित्तमपुंडी येथे ॲनॉर्थोसाइट खडक सापडतो. तो दळून इस्रोने कृत्रिम चांद्रमाती तयार केली व तिच्यावर चाचण्या घेतल्या.

संकलन (फळ्यावर लिहावयाचा सारांश)

१. परत येणारा उजेड : खनिजांची ओळख.
२. सूर्याच्या क्ष-किरणांनी उठविलेले क्ष-किरण : मूलद्रव्यांची ओळख; केवळ वरचा थर.
३. गॅमा किरण : थोडी अधिक खोली, विस्तृत क्षेत्राची सरासरी.
४. प्रत्यक्ष नमुना : सर्वांची कसोटी.
५. काळे डाग : बेसाल्ट, लोह अधिक. उजळ भाग : ॲनॉर्थोसाइट, ॲल्युमिनियम व कॅल्शियम अधिक.

उजळणीचे प्रश्न

१. चंद्रावर हवा असती, तर क्ष-किरण पद्धत उपयोगी पडली असती काय? कारण सांगा.
२. सूर्य शांत असताना चांद्रयान १ वरील उपकरणास अडचण का आली?
३. खानदेशातील काळी जमीन आणि चंद्राची माती एकाच जातीच्या खडकापासून झालेली असूनही भिन्न का?
४. अपोलोच्या खड्यांतील पाण्याविषयीचे मत पुढे का बदलले?

स्वाध्याय

पुढील पौर्णिमेस विद्यार्थ्यांनी चंद्र पाहून वहीत वर्तुळ काढावे व काळे भाग पेन्सिलीने भरावेत. गावातील चार ठिकाणचे दगड आणून रंग, जडपणा व कठीणपणा ह्यांवरून त्यांचे गट करावेत. प्रत्येक गटापुढे "मला हे कशावरून कळले" हे एका वाक्यात लिहावे. शिक्षकाने वह्या तपासताना उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहावेच. परंतु त्या एका वाक्याकडे अधिक लक्ष द्यावे. ज्या विद्यार्थ्याने "ठाऊक नाही, पण असे वाटते" असे प्रांजळपणे लिहिले असेल, त्याचे गुण कापू नयेत. दुसरा दगड आणून पुन्हा पाहण्यास त्यास सांगावे.